आधी दत्ता, मग मी

सोम., ३ नोव्हेंबर

शारजा, हमरियाचं यार्ड. सकाळी सात. गाडी लावतोय तोच कंटेनरच्या पत्र्याचा आवाज. धाड. जरा थांबून परत धाड. पहिला पाठीचा, दुसरा डोक्याचा. बावीस वर्षं या लोखंडात कान शेकून निघालेत. लोखंडावर लोखंड आणि लोखंडावर माणूस, यातला फरक मला झोपेतही कळतो.

गेलो नाही. केबिनमध्ये बसून कालचा रिपोर्ट वाचला. पाच मिनिटं. मग थर्मासमधला करक चहा दोन कपांत ओतून निघालो.

आमच्या फोरमन दत्ताने एका रिगरला, क्रेनला माल बांधणाऱ्याला, कॉलरला धरून कंटेनरवर आपटलेला. साखळी अडकवायच्या शॅकलची पिन अर्धीच फिरवून आठ टनांचा गर्डर उचलायला निघाला होता गडी, खाली तीन माणसं उभी. म्हणजे दत्ताचं तसं चुकलं नाही. रिगर गुडघ्यात डोकं घालून बसलेला, कानामागून रक्त. शेजारी बसलो. "नाम क्या तेरा?" नाव मला माहीत होतं. पण माणूस स्वतःच्या तोंडाने नाव सांगतो तेव्हा अर्धा शांत होतो. मग मुलं किती, घर कुठे. चहा संपेपर्यंत हसला. जाताना म्हणाला, "आप हैं तो टिके हैं साब."

पंधरा वर्षांची रीत. आधी दत्ता, मग मी.

संध्याकाळी जी.एम. फादीने बोलावलं. यार्ड सुपरवायझर डिसेंबरात कायमचा केरळला चाललाय. त्याच्या जागी कोण? ड्रॉइंग वाचण्यात दत्ताच्या जवळ जाणारा यार्डात कोणी नाही, हे फादीलाही माहीत. "हबीबी, ही इज माय बेस्ट मॅन अँड ही इज अॅन अॅनिमल. महिनाअखेर मला माणूस करून दे." एच.आर.ने सॉफ्ट स्किलचं दोन दिवसांचं ट्रेनिंग ठेवलंय. दत्ताने ते करायचं, आणि महिनाभर एकही तक्रार नको.

शिवाय ट्रेनिंगमध्ये अर्धा तास मी बोलायचं. हेल्पर ते ऑपरेशन्स मॅनेजर. म्हणजे मी नमुना!

बुध., ५ नोव्हें.

दुपारी दत्ताला गाडीत बसवून, एसी लावून सांगितलं. अडीच हजार दिरहम वाढ, साठेक हजार रुपये, आणि फॅमिली व्हिसा. वाढीचं ऐकून नुसतं हुं केलं. व्हिसाचं ऐकल्यावर खिडकीबाहेर बघत राहिला. लग्नाला चौदा वर्षं. सगळ्या सुट्ट्या मिळून वैशालीबरोबर संसार सव्वा वर्षाचा.

"अट काय भाऊ?"

"ट्रेनिंग. बोलायचं कसं, ते."

"मला बोलता येतं की."

"तुला ओरडता येतं."

"ग्राइंडर चालू असताना काय, कानात कुजबुजू?"

"आणि महिनाभर हात खिशात."

"कवरॉलचे खिसे फाटलेत."

हसलो दोघंही. उतरताना दाराला हात लावून थांबला. "भाऊ, पण मग तुमचं काम कसं व्हायचं?"

मी म्हटलं, माझं माझं मी बघतो. तू व्हिसा बघ.

शनि., ८ नोव्हें.

घरी स्लाइड्स. लेक मृणाल करून देते. दुबईच्या ऑफिसात एच.आर.मध्ये आहे ना, तिचा रोजचा धंदा. आज सुट्टी म्हणून सापडली, एरवी शारजा-दुबई ट्रॅफिकमध्येच तिचा अर्धा जन्म.

मी सांगत होतो, ती टाइप करत होती. माझ्याबरोबर मुंबईहून नऊ जण आलेले. सगळे माझ्याहून चांगले वेल्डर. आठ जण अजून वेल्डरच आहेत. का? हात माझ्यापेक्षा चांगला, पण साहेबासमोर उभं राहिलं की जीभ टाळूला. मी सहा भाषांत 'जेवलास का' विचारायला शिकलो. पठाण ड्रायव्हरला त्याच्या बैलांबद्दल विचारायचो, मल्याळी स्टोअरकीपरला आईच्या गुडघ्यांबद्दल. मीटिंगमध्ये इंजिनियर एकमेकांवर भुंकून दमले की मी हळूच म्हणायचो, सर, एक छोटी बात. काम माझं नसायचं, पण बात माझी असायची. हे सगळं खरं आहे. कोणीही शिकावं असं आहे.

मग आमच्या रीतीचं सांगितलं. तिची बोटं थांबली.

"वेट. सो दत्ताकाका हिट्स देम, अँड देन यू कम विथ टी?"

"मारत नाही गं. दम देतो."

"पपा, दॅट्स नॉट कम्युनिकेशन. दॅट्स गुड कॉप, बॅड कॉप."

सुनंदा गवार निवडत होती. म्हणाली, "अहो, पोरगी बरोबर बोलतेय की काय?" हसण्यावारी नेलं. तो मुद्दा स्लाइडवर घेतला नाही.

मंगळ., ११ नोव्हें.

ट्रेनिंगचा दुसरा दिवस. दुबईहून आलेल्या मॅडम चांगल्या, हिंदीत समजावतात. चूक सांगायची तर सँडविच करायचं. वर कौतुक, मध्ये चूक, खाली कौतुक.

दत्ताने हात वर केला. "मॅडम, बीच में गाली चलेगी?"

सगळा हॉल हसला. मग त्यांनी त्यालाच उभं केलं. समोर ओडिशाचा वेल्डर प्रफुल्ल. समज, याचा वेल्ड खराब आला, सांग त्याला. दत्ता लाल. कपाळावर घाम, कवरॉल मुठीत धरलेलं. "प्रफुल्लभाई, आप... अच्छा आदमी हैं. वेल्ड कचरा हैं. बाकी... बाकी अच्छा आदमी हैं." टाळ्या. प्रफुल्लही हसला. हळू हसतो तो, आवाज न करता. चाळिशीतला, यार्डातला एक नंबर वेल्डर, बोलणं मोजून.

माझा अर्धा तास फार रंगला. फादी मागे उभा राहून ऐकत होता. शेवटी सर्टिफिकेटं. 'इफेक्टिव्ह कम्युनिकेशन.' दत्ताने फोटो वैशालीला पाठवला. तिचा व्हॉइस मेसेज स्पीकरवर लावला गाढवाने: "आता माझ्याशी पण असंच बोला म्हणावं."

आठ दिवस झाले, हात उचललेला नाही. परवा एकाच्या अंगावर धावला आणि मध्येच थांबून स्वतःच्याच मांडीवर बुक्की मारली. काळंनिळं झालंय.

गुरु., १३ नोव्हें.

प्रफुल्ल केबिनमध्ये. दारातच उभा. म्हणाला, वेल्डिंग रॉड भाजायची भट्टी दोन दिवस बंद आहे. समुद्राकाठची हवा, रॉड ओलसर झालेत. अशा रॉडने जाड प्लेट जोडली तर आत तडा जाणार. दत्ताला सांगितलं तर म्हणाला, शिप सोमवारी लागतेय, चालव.

बसवलं, चहा दिला, मुलीच्या बारावीचं विचारलं. खांद्यावर हात ठेवून म्हटलं, मैं देखता हूँ. खूष होऊन गेला.

दत्ताशी बोलायचं राहिलं. क्लायंटचे फोन.

सोम., १७ नोव्हें.

रात्रीचे दोन वाजलेत. तरी लिहितो.

स. ९. इन्स्पेक्टरने अल्ट्रासाउंड लावलं. चार जोडांत तडे. माल रिजेक्ट. शिप जेटीवर उभी. फादी केबिनमध्ये येऊन माझ्यावर ओरडला, थुंकी माझ्या चष्म्यावर. बावीस वर्षांत असं कोणी बोललं नव्हतं. मी हसतच होतो. यस सर, यस सर. तो गेला. मी वॉकी-टॉकी उचलला.

"दत्ता, प्रफुल्लकडे जाऊन ये. मी आलोच मागून."

पलीकडे दोन सेकंद नुसती खरखर. मग, "भाऊ, महिना व्हायचाय अजून."

मी म्हटलं, "जा."

थर्मास उघडला. दोन कप. चहा ओतता ओतता प्रफुल्लचा आवाज आला, कधी नव्हे तो मोठा: "बोला था ना! चार दिन पहले बोला था! तुमको बोला, बड़े साब को बोला!" मग आवाज. चिपिंग हॅमरचा, वेल्डवरची खपली काढायची हातोडी. पण लोखंडावर पडलेला नव्हता. ओला, बसका आवाज. मला कळलं. ताबडतोब कळलं.

आणि मी घड्याळात बघितलं. सवयीने. नऊ एकवीस. पाच मिनिटं व्हायची होती.

दुसरा घाव ऐकला. तिसरा ऐकला. त्यानंतर माणसांची आरडाओरड. मग गेलो, हातात कप तसेच.

प्रफुल्ल स्किडच्या, मालाखालच्या लोखंडी चौकटीच्या, पांढऱ्या रंगावर पडलेला, डाव्या डोळ्याच्या जागी सेफ्टी चष्म्याचा चुरा आणि रक्त. दत्ता दोन हात लांब उभा. हॅमर हातातच. चेहरा असा की कोणी त्यालाच मारलंय. मला म्हणाला, "भाऊ, सँडविच करत होतो. आईशप्पथ. सुरुवात केली होती."

अॅम्ब्युलन्स. पोलीस. दत्ताने हात आपणहून पुढे केले.

मंगळ., १८ नोव्हें.

सरकारी हॉस्पि. गालाचं हाड दोन ठिकाणी मोडलंय, प्लेट टाकली. डोळ्याचं डॉक्टर सांगत नाहीत. भेटू दिलं नाही.

ओळखीच्या वकिलाचं म्हणणं: प्रफुल्लने तनाझुल दिला, म्हणजे पोलीस स्टेशनात लिहून तक्रार मागे घेतली, तरी पूर्ण सुटका नाही. पण शिक्षा हलकी होईल. नाही दिला तर लांब जेल, आणि मग डिपोर्ट. परत या देशात पाय नाही.

वैशालीचा फोन. मी गोड आवाजात सगळं सारवून सांगितलं. छोटं भांडण, मी आहे ना. ती म्हणाली, "तुम्ही आहात म्हणून मी निर्धास्त आहे भावोजी."

बुध., १९ नोव्हें.

संध्या. ६. कामगारांच्या कॅम्पवरून फोन, ओडिशाचे वेल्डर दत्ताच्या खोलीवर चालून आलेत. पंधरा-वीस जण. गेलो.

दार आधीच फोडलेलं. दत्ताची कॉट मोडून पट्ट्या हातात घेतलेल्या. त्याचा पार्टनर संदेश कपाटामागे, त्याच्या डोक्यावर भाताचा कुकर फेकून मारलेला, कपाळ भाजलंय. मी मध्ये उभा राहिलो. हात जोडले. "भाईलोग, एक छोटी बात." नावं घेतली एकेकाची. ओडियात विचारलं, जेवलात का?

एकाने कोपराने तोंड फोडलं. दुसऱ्याने पोटात लाथ. खाली पडलो तेव्हा ट्यूबलाइट फुटून अंगावर आली. कोणीतरी बरगडीत मारत होतं, शांतपणे, एकेक करून, जसं काम करतात तसं. वॉचमनने ओढून बाहेर काढलं.

समोरचा एक दात गेला. दोन बरगड्यांना तडा.

मी कुठेही आधी गेलेलो नाही, आज कळलं. दत्ता पुढे जाऊन आलेला असायचा. माझ्या गोड बोलण्याला लोक बधायचे ते बोलणं गोड होतं म्हणून नव्हे.

गुरु., २० नोव्हें.

दत्ता भेटला. काचेपलीकडे, फोनवर. माझं सुजलेलं तोंड बघून उठून उभाच राहिला. "कोणी? नाव सांगा फक्त." मग स्वतःच बसला. आतून काय करणार.

"भाऊ, तुमचं नाव घेतलं नाय. घेणार पण नाय. त्यांनी विचारलं, किसने भेजा? मी बोललो, मेरा गुस्सा."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ट्रेनिंगमधलं सगळं वापरलं. आवाज खाली. डोळ्यात बघून. सर, सर. साहेब पण नीट बोलले माझ्याशी. बरोबर केलं ना?"

बरोबर केलंस, म्हटलं.

"प्रफुल्लचा डोळा?"

माहीत नाही, म्हटलं. फोन ठेवताना त्याच्या बोटांकडे लक्ष गेलं. नखांत अजून वाळलेलं रक्त होतं. धुऊन निघत नाही ते.

शुक्र., २१ नोव्हें.

अर्धा दिवस. एच.आर.ने इंग्रजी पत्र आणून ठेवलं, माझ्या सहीसाठी. सुटी एकटी घटना. आधी अशी एकही तक्रार नाही. कर्मचारी रागीट, कंपनीने त्याला योग्य प्रशिक्षण दिलं होतं. सोबत दत्ताचं सर्टिफिकेट जोडलेलं, फोटोसकट.

फादी म्हणाला, "थँक गॉड वी डिड द ट्रेनिंग, हबीबी. सही कर, खलास." आणि खांद्यावर हात ठेवला. अगदी मी ठेवतो तसा.

बरगडी दुखतेय म्हणून उद्या करतो म्हटलं.

शनि., २२ नोव्हें.

प्रफुल्ल शुद्धीत. डावा डोळा गेला. पक्कं.

कँटीनमधून चहा घेऊन गेलो. लाज वाटते लिहायला, पण घेऊन गेलो. खुर्ची ओढली. प्रफुल्लभाई, कसं वाटतंय, बेटीचं कळवलं का. त्याने एका डोळ्याने माझ्याकडे बघितलं. जबडा बांधलेला, शब्द दातांतून.

"चाय उधर रख दीजिए. एक बात पूछूँ साब?"

"पूछो ना."

"आप हर बार पाँच मिनट बाद ही कैसे आते हैं?"

मी कप टेबलावर ठेवला.

"कैंप में सब बोलते हैं दत्ता कुत्ता है. हम बोलते हैं, ठीक है, पर पट्टा किसके हाथ में है? हमने आपको बोला था रॉड का. आपने बेटी का पूछा. हम खुश हो गए. बेवकूफ हम भी."

मी दत्ताचं काढलं. बायको, चौदा वर्षं. तनाझुल. तो ऐकत राहिला.

"पैसा मत बोलिएगा," तो म्हणाला. मी बोललोही नव्हतो, पण ते जिभेवर होतं. ओळखलं त्याने. "आप सबके सामने बोलिए, किसने भेजा था. यार्ड में, कंपनी में लिख के. फिर हम सोचेंगे. देंगे, ऐसा नहीं बोला. सोचेंगे."

रवि., २३ नोव्हें.

दिवसभर घरी. सुनंदाने पेज करून दिली, चावता येत नाही.

एक गोष्ट कधी लिहिलेली नाही. उम्म अल कुवैनचं जुनं वर्कशॉप. दत्ता नवीन, बावीसचा. त्याच्या हातून प्लेट सटकली, एकाचा पाय थोडक्यात वाचला. मी तेव्हा फोरमन. वेल्डिंग केबलचा तुकडा उचलून त्याच्या पाठीत घातला. चार-पाच. शर्ट फाटला, कातडी फाटली. मग अर्ध्या तासाने मला कसंतरी झालं, म्हणून चहा घेऊन गेलो. म्हटलं, मी तुझा दुश्मन नाही रे. तो रडला, आणि त्या दिवसापासून माझा झाला. जीव देईल असा.

तेव्हाच मला समजलं होतं, यात काय ताकद आहे. फटका आणि चहा, दोन्ही माझेच होते. पुढे वर चढत गेलो तसा पहिला अर्धा त्याला दिला, दुसरा स्वतःकडे ठेवला. माझं प्रमोशन होत गेलं. त्याचं अडलं. लोक म्हणाले, बघा, बोलण्याने माणूस कुठे जातो.

मृणालला सगळं सांगितलं. पहिल्यांदा ती मराठीत बोलली. "पपा, तुम्ही ऐकलंत? तिन्ही घाव?" हो म्हटलं. उठून आत गेली. दार आपटलं नाही, हळू लावलं.

सोम., २४ नोव्हें.

स. ६.३०. सेफ्टी मीटिंग. साठ माणसं रांगेत, हेल्मेट घालून. सेफ्टी ऑफिसरच्या आधी मी पुढे झालो. स्लाइड नाही, जोक नाही. दात नसल्याने शब्द सुटत होते. हिंदीत बोललो.

"प्रफुल्ल ने रॉड का मुझे बताया था. मैंने कुछ नहीं किया. सोमवार को दत्ता को मैंने भेजा. वो जाना नहीं चाहता था. मारने की आवाज़ मैंने सुनी. मैं केबिन में बैठा रहा. पंद्रह साल से यही करता हूँ."

मागे कॉम्प्रेसर चालू होता. पहिल्या रांगेत तो पिनवाला रिगर होता. त्याने हेल्मेट काढलं, पुढे आला, आणि माझ्या पायापाशी थुंकला. मग कामाला गेला. बाकीचे त्याच्या मागून. साठ जण, एकेक करून माझ्या बाजूने गेले. कुणी थुंकले, कुणी नाही. एका म्हाताऱ्या फिटरने जाता जाता छातीत बुक्की मारली, मोडक्या बरगडीवरच. खाली बसलो. उठवायला कोणी आलं नाही.

एच.आर.चं पत्र फाडून दुसरं लिहिलं. इंग्रजी साधंच, पाच ओळी. फादीने दोनदा वाचलं. "तुला कळतंय का, तू स्वतःला संपवतोयस? पोलीस तुलाही बोलावतील." हो म्हटलं. "फॉर अ फोरमन?" म्हटलं, सुपरवायझर होणार होता. त्याने टेबलावरचा स्टेपलर भिंतीवर फेकून मारला. माझ्यापासून वीतभर लांब. मग लॅपटॉप आणि गेटपास ठेवून जायला सांगितलं.

बुध., २६ नोव्हें.

प्रफुल्लला डिस्चार्ज. फोन त्यानेच केला. "साब, पुलिस स्टेशन छोड़ देंगे?" माझं पत्र कोणीतरी त्याला वाचून दाखवलंय. मोबाइलवर कोणी काढलेला मीटिंगचा व्हिडिओही कॅम्पभर फिरतोय.

पुढचं दार उघडलं मी. तो मागे बसला. चेहऱ्याची डावी बाजू पट्टीत.

स्टेशनात साहेबाने आधी मला आत घेतलं. दुभाष्या होता. मीटिंगमध्ये बोललो तेच सांगितलं, एक शब्द कमी-जास्त नाही. लिहून घेतलं, सही घेतली, पासपोर्ट ठेवून घेतला. पुढचं कळवू म्हणाले. मग प्रफुल्ल आत गेला. चाळीसेक मिनिटं. बाहेर आला, हातात अरबी कागद, चौघडी घातलेला. खिशात ठेवला.

गाडीत बसलो. मी बोलायला तोंड उघडलं, आरशात त्याच्याकडे बघितलं. कोणाकडूनही काहीही काढून घेता येतं मला. कुठून सुरुवात करायची, कुठे थांबायचं, सगळं माहीत. दहा मिनिटांत त्याने सांगितलं असतं, वर माझे आभार मानले असते.

विचारलं नाही.

ट्रॅफिक होता. पाऊण तास लागला. कॅम्पच्या गेटवर उतरताना तो म्हणाला, "धीरे चलाते हैं आप. अच्छा है, झटका नहीं लगा." तेवढंच. लंगडत नव्हता, पण डाव्या बाजूच्या खांबाला धडकला. दिसला नसणार. मी उतरून धावलो, तर हात वर करून थांबवलं, आणि चाचपडत एकटाच आत गेला.

घरी येऊन हे लिहितोय. वैशालीचे सहा मिसकॉल. सातवा आता वाजतोय.

तिला नेहमीचं नाही सांगायचं. डोळा गेला, ते सांगायचं. मी पाठवलं होतं, ते. कागदावर काय आहे ते मला माहीत नाही, हेही. तिने शिव्या दिल्या तर मध्ये बोलायचं नाही.

उचलतो.